धातूतील पोकळी



आजच्या भाषणाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, बोलणारा मनुष्य रसायनशास्त्राचा प्राध्यापक असावा. तसे नाही. मी एका लहान गावच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. धातूंशी माझा संबंध खिशातल्या नाण्यांपुरता, आणि बॅटरीशी संबंध मोबाईल ऐनवेळी बंद पडतो तेवढ्यापुरता. मग मी ह्या वाटेला गेलो कसा? एका साध्या प्रश्नामुळे गेलो. तो प्रश्न कोणी विचारला, ते आधी सांगतो.

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी हा दुष्काळी भाग. इथली पुष्कळ माणसे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणे. देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफकट्ट्यावर जा, मागच्या एखाद्या बोळात भट्टी पेटवून बसलेला माणूस मराठी बोलताना आढळायचा, आणि गाव विचारले तर तो विट्याच्या आसपासचे सांगायचा. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील असेच तीस वर्षे परमुलखात होते. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात. तेजाबाच्या धुराने छातीचा त्रास सुरू झाला, म्हणून गेल्या दिवाळीत ते कायमचे गावी परतले. पदरी थोडी शिल्लक होती. तिच्यातून बॅटरीवर चालणारी रिक्षा घ्यावी असा त्यांचा विचार होता.

मुलाला घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही हिशेबाचं शिकवता. एक सांगा. रिक्षा टिकंल, ते मला कळतं. पण बॅटरी किती वरसं टिकंल? आन् ती मरती कशानं?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याच्या हमीपत्रावर होते. दुसऱ्याचे माझ्याजवळ नव्हते. "बघून सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली आणि मग खरोखरच वाचावयास लागलो. वाचता वाचता मजेची गोष्ट अशी आढळली की, जगातल्या काही विद्यापीठांत ह्याच प्रश्नावर जे संशोधन चालू आहे, त्याची एक वाट थेट तात्यांच्या तेजाबाच्या भांड्यातून जाते. आज आपल्याला तेवढीच वाट दाखवावयाची आहे.

प्रथम त्या भांड्यात काय घडते ते पाहू. जुन्या दागिन्याचे सोने शुद्ध करावयाचे असले म्हणजे गलाईवाला एक उलटे वाटणारे काम करतो. शुद्ध करावयाच्या सोन्यात तो आणखी चांदी घालतो! एक भाग सोने आणि तीन भाग चांदी, असे प्रमाण साधारण धरतात. मुशीत हा रस एकजीव झाला की तो पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडतात, आणि ते दाणे शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, टाकतात. भांडे फसफसते, तांबूस धूर निघतो आणि चांदी विरघळून पाण्यासारखी होते. सोने विरघळत नाही. ते तळाशी उरते. पण पिवळे नव्हे, तर मातकट तपकिरी रंगाचे. मी तात्यांना विचारले, "ते हाताला कसे लागते?" ते म्हणाले, "दाणा हाय तसाच दिसतो सर, पण पोकळ. चांदी गेली ना त्यातनं. बोटानं दाबला की भुगा." हा भुगा धुऊन, सवागी घालून वितळवला की पुन्हा पिवळेधमक सोने हजर.

तात्यांनी ज्याला पोकळ म्हटले, त्यालाच शास्त्रज्ञ अतिसूक्ष्म सच्छिद्र सोने म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते एखाद्या स्पंजासारखे दिसते. सोन्याचे बारीक दांडे एकमेकांत गुंतलेले आणि त्यांच्यामध्ये सलग पोकळी. ह्या दांड्यांची आणि छिद्रांची जाडी काही नॅनोमीटरांपासून काही दशक नॅनोमीटरांपर्यंत असते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशी हजारांवर छिद्रे ओळीने बसतील.

आता कोणी विचारील, चांदी गेली तर सोन्याचा नुसता चुरा का होत नाही? हा स्पंज घडवतो कोण? ह्याचे समाधानकारक उत्तर २००१ साली मिळाले. जोना एर्लेबॅकर, मायकेल अझीझ, ॲलन कार्मा, निकोलाय दिमित्रॉव्ह आणि कार्ल सिराड्झ्की ह्या पाच संशोधकांनी ते 'नेचर' ह्या नियतकालिकात मांडले. सोन्याचे आणि चांदीचे अणू आकाराने जवळजवळ सारखे; म्हणून मिश्रणात ते एकमेकांत बेमालूम मिसळलेले असतात. आम्ल वरच्या थरातले चांदीचे अणू उचलून नेते. मागे राहिलेले सोन्याचे अणू एकाकी पडतात. पण ते जागच्या जागी बसून राहत नाहीत. पृष्ठभागावर फिरत फिरत ते एकमेकांना गाठतात आणि त्यांचे पुंजके जमतात. पुंजका जमला की शेजारची जागा उघडी पडते, तेथली आतली चांदी आम्लाला सापडते, आणि हाच क्रम आत आत चालू राहतो. म्हणजे सोन्याचा सांगाडा आधीपासून आत दडलेला नसतो. चांदी जात असतानाच तो घडत जातो. मिश्रणात सोने फार असेल तर मात्र ते सगळीकडून चांदीला झाकून टाकते आणि आम्लाची क्रिया वरच्या वरच थांबते. गलाईवाला आधी चांदी का मिसळतो, ह्याचे उत्तर यात आहे. कारागिरांनी जे प्रमाण अनुभवाने ठरवले होते, त्याची कारणमीमांसा विद्यापीठांनी नंतर केली.

अशा पोकळ धातूचा उपयोग माणसाने फार पूर्वीच सुरू केला होता. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत मरे रॅने नावाच्या अभियंत्याने निकेल आणि ॲल्युमिनियम यांचे मिश्रण करून कॉस्टिक सोड्याने त्यातले ॲल्युमिनियम विरघळवून टाकले. त्याचे पेटंट १९२७ सालचे. उरलेले निकेल इतके सच्छिद्र होते की, त्याच्या एका ग्रॅमचा आतला-बाहेरचा पृष्ठभाग मिळून सुमारे शंभर चौरस मीटर भरतो. आपल्या भाषेत सांगावयाचे तर चिमूटभर भुकटीत एक गुंठा जमीन! तेलात हायड्रोजन मिसळून त्याचे वनस्पती तूप करताना निकेल मध्यस्थाचे काम करते, आणि हे काम पृष्ठभागावर होत असल्यामुळे जितका पृष्ठभाग मोठा तितके काम भराभर. पोकळी म्हणजे तूट नव्हे, हे रॅनेच्या निकेलने कारखानदारांना दाखवून दिले.

इथपर्यंत धातूची गोष्ट झाली. आता तात्यांच्या प्रश्नाकडे वळू. बॅटरी मरते कशाने?

जुन्या ट्रकची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी दुरुस्तीवाल्याने उघडलेली आपण पाहिली असेल. तळाशी करडा-तपकिरी गाळ साचलेला असतो. तो गाळ म्हणजे पट्ट्यांवरून झडलेला माल. शिशाची ही बॅटरी १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी तयार केली. तिच्या एका बाजूच्या पट्टीवर शिसे असते ते स्पंजासारखेच. बॅटरी वापरताना त्या शिशाचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर होते, तो अधिक जागा व्यापतो. भरताना पुन्हा शिसे होते, जागा कमी होते. असे फुगणे आणि आकसणे शेकडो वेळा झाले की माल सैल होतो आणि झडतो. काळ्या जमिनीवर घर बांधणाऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. पावसाळ्यात ती जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि काही वर्षांत भिंतीला तडे जातात. पाणी भिंतीला थेट काही करीत नाही. येरझाऱ्या भिंत पाडतात.

लिथियमच्या बॅटरीतही हीच अडचण असते. ही बॅटरी १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली, आणि तिच्या मागच्या संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बॅटरी भरताना लिथियमचे विद्युतभारित कण एका बाजूच्या पदार्थातून निघून दुसऱ्या बाजूच्या पदार्थात जाऊन बसतात; वापरताना ते परततात. बसण्याची ही जागा बहुतेक बॅटऱ्यांत ग्रॅफाइटची असते, म्हणजे पेन्सिलीत असते त्या जातीचा कार्बन. ग्रॅफाइटचे पापुद्रे असतात. त्यांच्यामध्ये लिथियम सुखाने शिरते आणि ग्रॅफाइट जेमतेम दहा टक्के फुगते. म्हणून ते टिकते. पण त्यात जागा थोडी. कार्बनचे सहा अणू मिळून लिथियमच्या एका अणूला आसरा देतात.

सिलिकॉनचे तसे नाही. सिलिकॉनचे चार अणू लिथियमच्या पंधरा अणूंना सामावून घेतात. वजनास वजन धरले तर ग्रॅफाइटच्या जवळजवळ दसपट वीज त्यात साठते. कथिलही ग्रॅफाइटच्या अडीचपट साठवते. मग सगळ्या बॅटऱ्या सिलिकॉनच्याच का करीत नाहीत? कारण एवढे पाहुणे घरात घेतल्यावर घर फुगते. सिलिकॉनचे आकारमान जवळजवळ चौपट होते, कथिलाचे साडेतीनपटीच्या घरात जाते. बरणीत हरभरे गच्च भरून वर पाणी ओतले आणि झाकण घट्ट लावले तर सकाळी बरणीचे काय होईल? तेच येथे होते. पहिल्या काही फेऱ्यांतच सिलिकॉनला तडे जातात, तुकडे सुटे होतात आणि सुट्या तुकड्यांपर्यंत वीज पोचत नाही. शिवाय प्रत्येक नव्या तड्याने नवा पृष्ठभाग उघडा पडतो, त्यावर बॅटरीतल्या द्रवाचा एक पापुद्रा जमतो आणि त्यात थोडे लिथियम कायमचे अडकून पडते. रोज थोडी थोडी गळती. तात्या, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे: फुगण्या-आकसण्याचे श्रम हे बॅटरी मरण्याचे एक मोठे कारण आहे.

रोग कळल्यावर औषधाची दिशाही कळते. फुगणाऱ्याला फुगावयास आतच जागा ठेवावी. म्हणजे पदार्थ भरीव न ठेवता स्पंजासारखा करावा. दांडे फुगतील ते मधल्या पोकळीत, बाहेरची भिंत हलणार नाही. आणि दांडे बारीक असले तर आणखी एक लाभ होतो. साधारण दीडशे नॅनोमीटरपेक्षा लहान असलेले सिलिकॉनचे कण फुगले तरी तडकत नाहीत, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. मोठी काठी वाकवली तर मोडते, पण बारीक तार वाकते, तसेच काहीसे हे आहे.

आता असा स्पंज करावयाचा कसा? येथे तात्यांचे भांडे पुन्हा पुढे येते. जपानमधील सेंदाई येथे तोहोकू विद्यापीठ आहे. तेथील हिदेमी कातो यांच्या गटाने २०१४ साली मॅग्नेशियम आणि सिलिकॉन यांचे मिश्रण वितळलेल्या बिस्मथमध्ये बुडवले. बिस्मथने मॅग्नेशियम ओढून घेतले, सिलिकॉनला हात लावला नाही. सिलिकॉनचा सांगाडा मागे राहिला. छिद्रांत भरलेले बिस्मथ मग त्यांनी काढून टाकले, आणि ते कशाने? शोऱ्याच्या तेजाबाने! हे वाचताना मला विट्याकडचा तो तांबूस धूरच आठवला. ह्या सच्छिद्र सिलिकॉनची बॅटरी नुसत्या सिलिकॉनच्या बारीक भुकटीपेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकली. त्यांच्या निष्कर्षातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. छिद्रांत जेवढी जागा आहे, तिच्या मर्यादेच्या आतच सिलिकॉनला फुगू दिले, म्हणजे बॅटरी पूर्ण न ताणता वापरली, तर तिचे आयुष्य आणखी वाढते.

दुसरी हकीकत अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली आहे. एरिक डेट्सी यांचा गट तेथे सच्छिद्र धातूंवर आणि बॅटरीच्या पदार्थांवर काम करतो. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एक निराळाच मार्ग दाखवला. गॅलियम हा धातू सुमारे ३० अंश सेल्सियसला वितळतो. तळहातावर ठेवला तरी पाणी होतो. त्यांनी मॅग्नेशियम आणि गॅलियम यांचे संयुग मॅग्नेशियमच्या बॅटरीत वापरले. मॅग्नेशियम आत आले की पदार्थ घट्ट होतो. मॅग्नेशियम निघून गेले की उरलेले गॅलियम त्या उबेत द्रव होते. पडलेला तडा द्रवाने भरून निघतो. एक हजाराहून अधिक फेऱ्या हा पदार्थ टिकला. एका गटाने फुगावयास जागा दिली, दुसऱ्याने तडा बुजवण्याची सोय केली.

आता माझ्या विषयातले दोन शब्द बोलू द्या. अर्थशास्त्रात घसारा म्हणून एक बाब असते. समजा, एक बॅटरी ४०,००० रुपयांना घेतली आणि ती ५०० वेळा भरता आली, तर दर फेरीला ८० रुपये झिजले. तीच २,००० वेळा भरता आली, तर २० रुपये. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. पण रिक्षावाल्याच्या घरी रात्री भाजी येणार की नाही, हे ह्या ६० रुपयांच्या फरकावर ठरते. विजेची किंमत सर्वजण विचारतात. बॅटरीच्या आयुष्याची किंमत मात्र ती मेल्यावरच कळते. म्हणून टिकाऊपणावरचे संशोधन ही प्रयोगशाळेतली चैन आहे असे कोणी समजू नये.

परंतु हिशेब मांडावयाचा तर दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. पोकळी फुकट मिळत नाही. स्पंजाचा पृष्ठभाग मोठा, म्हणून त्यावर जमणारा तो पापुद्राही मोठा. पहिल्याच वेळी अधिक लिथियम खर्ची पडते. पोकळीमुळे तेवढ्याच पेटीत माल कमी मावतो. जो धातू विरघळवून टाकावयाचा, तो आधी विकत घ्यावा लागतो आणि नंतर परत मिळवावा लागतो. गलाईवाला तेजाबातली चांदी सोडून देत नाही. त्या पाण्यात तांब्याची पट्टी टाकून तो ती परत मिळवतो. कारखान्यालाही हीच काटकसर जमली पाहिजे. आणि आम्लाचा धूर ज्यांच्या छातीत जातो, त्यांचे काय, हा प्रश्न तर आहेच. तात्यांनी तो पैशात मांडला नाही, पण त्याची किंमत त्यांनी दिली आहे. ह्या कारणांमुळे आजच्या काही बॅटऱ्यांत ग्रॅफाइटमध्ये थोडे सिलिकॉन मिसळलेले आढळते खरे; पण येथे सांगितलेल्या धातूंच्या स्पंजाच्या बॅटऱ्या अजून प्रामुख्याने प्रयोगशाळांतच आहेत.

हे सगळे तात्यांना कसे सांगावे, ह्याचा मला प्रश्न पडला होता. महिन्याभराने ते आले तेव्हा मी त्यांना स्पष्टच सांगितले, "तात्या, नव्या बॅटरीची वाट पाहत बसू नका. आहे ती जपून वापरा. शिशाची घेतलीत तर पार रिती होईपर्यंत चालवू नका. निम्म्यावर आली की भरायला लावा आणि पुरती भरू द्या. लिथियमची घेतलीत तर शून्यापर्यंत नेऊ नका आणि रोज शंभरापर्यंत ताणायचीही गरज नाही. एक भाडे कमी मिळेल, पण बॅटरी जास्त दिवस जगेल." मग सेंदाईच्या त्या प्रयोगाची हकीकतही मी त्यांना सांगितली.

तात्या लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटले होते, एक भाडे सोडण्याची गोष्ट त्यांना पटणार नाही. पण ते म्हणाले, "बरोबर हाय सर. तेजाबाचं भांडं आम्ही कधी काठोकाठ भरलं न्हाई. उकळी आली की ते वर येतंय. त्याला यायला जागा ठेवायला लागती. नवीन पोरगं कामाला लागलं की पहिलं हेच शिकवतो."

पाडव्याला त्यांनी रिक्षा घेतली. दुपारी एकच्या सुमारास ती घरापुढच्या लिंबाखाली उभी असते आणि तिची तार खिडकीतून आत गेलेली असते. त्या वेळी कोणी भाड्याला बोलावले, तर तात्या सरळ नाही म्हणतात.